आतून उघडणारं दार

आक्कांची आणि माझी ओळख चोरीतून झाली. चोर त्या, आणि माल माझा.

परभणीत जिंतूर रस्त्याला एक जुनं डेटा सेंटर आहे. बाहेरून बघणाऱ्याला ते गोदामच वाटतं, आणि एके काळी होतंही ते गोदामच. बंद पडलेल्या जिनिंगचं, कापूस ठेवायचं. वीसेक वर्षांपूर्वी एका खाजगी कंपनीनं ते भाड्यानं घेतलं, आत भिंती घातल्या, एसी बसवले आणि सर्व्हरची कपाटं ओळीनं उभी केली. दवाखान्यांचे केसपेपर, शाळांचे दाखले, दूध संघांच्या नोंदी असं जिल्ह्यातलं बरंच काही त्या कपाटांत राहतं. दारं, कुलपं, कॅमेरे मात्र वीस वर्षांपूर्वीचेच होते. ते बदलून द्यायचं काम माझ्या कंपनीला मिळालं, आणि मी सोनपेठची, जवळची, म्हणून मला पाठवलं. माझी ती पहिलीच स्वतंत्र साइट.

पहिल्या दिवशी एसटीनं उतरून मी फाटकावर गेले, वहीत नाव लिहिलं, बॅग वॉचमनच्या टेबलाशेजारी ठेवून पाणी प्यायले. वळून बघते तर बॅग नाही. लॅपटॉप, नकाशे, डबा, सगळं त्यात. वॉचमन म्हणाला, "आत्ता तर इथंच होती की." मी तशीच मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेले आणि काय सांगावं याचा विचार करत उभी राहिले, तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आली. पन्नाशी उलटलेली, काटक, पातळाचा पदर खोचलेला, आणि खांद्यावर चक्क काळी घोंगडी. तिनं माझी बॅग साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"ही हिची हाय. गेटापासून हितवर चार माणसं भेटली मला. एकानंबी इचारलं न्हाई की आक्का, ही कुणाची बॅग घेऊन चाललीस." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन् तू आमाला चोर कसा धरावा ते शिकवायला आलीस व्हय?"

साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "या आमच्या आक्का. इमारतीचं सगळं यांच्याकडं. तुम्हाला यांच्याबरोबरच काम करायचंय."

अशा चोऱ्या त्या आठवड्यातून एकदा तरी करत, हे मला नंतर कळलं. कधी जनरेटरच्या खोलीचं कुलूप, कधी पाहुण्याचं हेल्मेट, एकदा तर साहेबांच्या दारावरची त्यांच्या नावाची पाटी. चोरलेली वस्तू त्या संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवत आणि ती कशी नेली ते सविस्तर सांगत. रागावणाऱ्याला त्यांचं एकच उत्तर असे, "मी नेली म्हणून सापडली तरी. दुसऱ्यानं नेली असती तर?"

घोंगडीचंही असंच. मे महिन्यात परभणी चव्वेचाळीसवर तापलेली असताना ही बाई खांद्यावर घोंगडी टाकून बसमधून उतरायची. रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. कारण साधं होतं. सर्व्हरच्या खोलीत दिवसभर थंडी, आणि त्यांना ऑफिसनं दिलेलं जर्किन पसंत नव्हतं. "त्याच्या बाह्या वाजत्यात," म्हणायच्या. "वाजणारं कापड घालून फिरल्यावर मशीन काय बोलायलंय ते कळतंय का?"

आणि त्या खरंच ऐकायच्या. डोळे मिटून कपाटांच्या मधून चालत जायच्या आणि एखाद्यापाशी थांबून म्हणायच्या, याचा पंखा जायलाय. मी पहिल्यांदा हसले. दोन दिवसांनी तो पंखा बंद पडला.

माहेर वालूरचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. सासर असं फार दिवस नव्हतंच, त्याबद्दल त्या बोलत नसत. आयटीआयला वायरमनचा कोर्स करणाऱ्या त्यांच्या बॅचमध्ये त्या एकट्याच मुलगी होत्या. जिनिंग चालू असताना त्या इथं मोटारी बघायला लागल्या. जिनिंग बंद पडलं, मालक गेला, यंत्रं भंगारात गेली. इमारतीबरोबर आक्का तेवढ्या नव्या कंपनीकडं आल्या. गेल्या तीसेक वर्षांत या इमारतीत कुठली भिंत कधी आली हे जगात फक्त त्यांना माहीत होतं.

कुठल्याही खोलीत शिरताना त्या उंबऱ्यावर थांबत आणि आधी वर बघत. मग खाली. सगळ्यात शेवटी समोर. एकदा मी विचारलं, "असं का?"

"माणूस समोरच बघतंय," त्या म्हणाल्या. "म्हणून येणारं समोरून येत न्हाई."

माझ्या कामाला त्यांचा विरोध नव्हता. उलट कुतूहल एवढं, की मला कधी कधी पळून जावंसं वाटे. अंगठ्याचं मशीन अंगठा ओळखतं म्हणजे नेमकं काय ओळखतं? कापलेला अंगठा चालंल का? भिजलेला? जुळ्या बहिणींचा? कॅमेऱ्याला उन्हात दिसतं तेवढंच सावलीत दिसतं का? मला उत्तर आलं नाही की त्या वहीत प्रश्न लिहायच्या आणि म्हणायच्या, "उद्या सांग. घाई न्हाई." त्या वहीपायी मी माझ्याच धंद्यातलं जेवढं शिकले, तेवढं कॉलेजात शिकले नव्हते.

मशीन बसवलं त्या दिवशी सगळ्यांचे अंगठे नोंदवले. आक्कांचा अंगठा मशीन घेईना. बॅटरीच्या आम्लानं आणि दोऱ्या वळून त्यांच्या बोटांवरच्या रेघा गुळगुळीत झाल्या होत्या. दहाही बोटं लावून झाली. मला वाईट वाटलं. तीस वर्षं जी बाई ही इमारत सांभाळते, तिलाच दार ओळखत नाही. आक्का मात्र खूश. "बरं झालं. आता मला रोज नवीन वाट शोधावी लागंल." शेवटी त्यांना कार्ड दिलं.

आमचं मुख्य काम म्हणजे दोन दारांची खोली. पहिल्या दारातून आत यायचं, ते बंद झालं की मगच दुसरं उघडणार, आणि मधल्या जागेत एका वेळी एकच माणूस मावणार. म्हणजे एकाच्या पाठीमागून दुसरा घुसू शकत नाही. जुन्या दाराची अवस्था अशी होती, की सहा जणांत मिळून एक कार्ड, तेही खिळ्याला टांगलेलं. आणि मागचं दार एसी बिघडला की वीट लावून उघडं. त्यापुढं माझी दोन दारं म्हणजे मला किल्लाच वाटत होती. थंडी संपायच्या आत ती उभी राहिली.

त्याच दिवसांत आक्कांचं पिठाचं प्रकरण सुरू होतं. संध्याकाळी सहाला घरी जाताना त्या सर्व्हर-खोलीच्या बाहेर उंबऱ्यापाशी चिमूटभर ज्वारीचं पीठ भुरभुरत. सकाळी उकिडव्या बसून त्यातली पावलं वाचत. आत मशीनला धूळ चालत नाही, म्हणून तिथं काळ्या रेक्झिनची एक पट्टी अंथरलेली, तिच्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवलेला. मी त्यांना म्हटलं, "आक्का, दाराच्या मशीनमध्ये सगळी नोंद राहते. कोण आलं, किती वाजता आलं."

"जे दारातून येतंय त्याची," त्या म्हणाल्या.

एके सकाळी त्यांनी मला हाक मारली. बाहेरचं पीठ जसंच्या तसं, त्यावर कुणाचं बोटसुद्धा नाही. दार उघडलं तर आत तेलाच्या पट्टीवर चार पावलं उमटलेली. मांजराची.

मी मशीनमधली नोंद काढली. संध्याकाळी सहानंतर दार एकदाही उघडलं नव्हतं. खोलीला खिडकी नाही; होत्या त्या आणि ते जुनं मागचं दार, सगळं विटांनी बुजवलेलं. जमिनीखालच्या वायरींची भोकं मी स्वतः बंद करून घेतली होती.

"दिवसाच शिरलं असेल, आत अडकलं असेल," मी म्हणाले.

"मग आता कुठंय ते?"

आम्ही सगळी कपाटं धुंडाळली. मांजर नव्हतं. आक्का पट्टीवर वाकल्या, नाक टेकेल एवढ्या. मग नखानं त्या ठशातून काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. पांढरा, पिवळसर पडलेला तंतू.

"काय हाय सांग."

"धागा?"

"रुई. कापूस." त्यांनी तो तंतू उजेडात धरला. "जिनिंग बंद होऊन किती वर्षं झाली. खाली कुठं कापूस हाय का आता?" आणि मग, नेहमी आधी करायची ती गोष्ट त्यांनी शेवटी केली. मान वर केली. वर पांढऱ्या चौकोनी फरशांचं फॉल्स सीलिंग होतं, स्वच्छ, सपाट.  मी कामाच्या गडबडीत ते विसरले.

चार दिवसांनी माझ्या दारांचं प्रात्यक्षिक होतं. आमच्या कंपनीचे साहेब छत्रपती संभाजीनगरहून आले होते. सेंटरचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक दवाखाना, त्याचे अधिकारी आले होते. त्यांनी आधीच बजावलं होतं, की सुरक्षेची तपासणी पास झाली नाही तर आमचं सगळं आम्ही पुण्याला नेऊ. ते गेले असते तर सेंटर बंदच पडलं असतं. चौदा माणसांची घरं त्यावर चालत होती. मी घसा खाकरून दोन दारांची गंमत समजावून सांगत होते. वॉचमनला दुसऱ्याच्या मागून घुसायला लावलं, दार अडलं. चोरीला गेलं म्हणून रद्द केलेलं कार्ड लावलं, दार अडलं. अधिकारी मान डोलावत होते. आमच्या साहेबांनी माझ्याकडं बघून हळूच अंगठा दाखवला.

तेवढ्यात वॉचमनच्या टेबलावरच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर सर्व्हर-खोलीत कुणीतरी दिसलं. स्टुलावर बसलेलं, आणि आमच्याकडं बघून हात हलवणारं.

आम्ही सगळे धावलो. दारं उघडली. आक्का, कासोटा घातलेला, डोक्यापासून पायापर्यंत रुईनं माखलेल्या. भुवयांवर सुद्धा रुई. घोंगडी तेवढी घडी करून मांडीवर. वरची एक फरशी बाजूला सरकलेली.

"दाराला काय बोलू नका," त्या माझ्या साहेबांना म्हणाल्या. "दार लय झकास हाय. पण शेजारच्या स्टोअरची आन् या खोलीची भिंत या खोट्या छतापर्यंतच हाय. तिच्यावर मोकळं. स्टोअरच्या जाळीतून मांजर येतंय, मांडणीवरून वर चढतंय, कपाटामागच्या फटीतून हितं उतरतंय आन् मशीनच्या मागं उबेला बसतंय. मांजर येतंय तिथून मी आले. मी सत्तावन्न वर्षांची हाय. चोर काय माझ्यापेक्षा म्हातारा येणार हाय का?"

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. तीन महिने मी त्या भिंतीकडं बघत होते. समोरून.

दवाखान्याचे अधिकारी आधी गंभीर होते, मग त्यांना हसू आवरेना. त्यांनी मुदत वाढवून दिली. भिंत थेट वरच्या स्लॅबपर्यंत चढवायची ठरली. वरून सोळा पोती जुनी रुई निघाली, ठिणगीची वाट बघत पडलेली. भिंत चढली, प्रत्येक फट बुजवली. दार ओढून घेतलं की आता कानाला दडा बसल्यासारखं व्हायचं.

मला वाटलं, आक्का समाधानी होतील. उलट त्या अस्वस्थ झाल्या. रोज दुपारी भाकर खाऊन झाली की खोलीत जाऊन उभ्या राहायच्या. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आता हवा कुठून जाती गं?"

"कुठूनच नाही. तेच तर पाहिजे होतं."

"व्हय. मीच सांगितलं बुजवायला." आणि त्यांनी कोपऱ्यातल्या तांबड्या सिलिंडरांकडं बोट केलं.

ते आग विझवायचे सिलिंडर. जुन्या पद्धतीचे, कार्बन डायऑक्साइडचे. धूर दिसला की तीस सेकंद भोंगा वाजतो, एसी आणि दिवे बंद होतात, आणि मग गॅस सुटून खोली भरते. आग गुदमरते. आत माणूस असेल तर तोही. आजवर खोली फटींनी भरलेली होती, म्हणून कुणी फार विचार केला नव्हता. आता आम्ही तिला बरणीसारखी बंद केली होती.

"पण तीस सेकंद मिळतात की," मी म्हणाले.

"लाईट गेल्यावर तुझं दार उघडतंय का?"

इथं मला सांगितलं पाहिजे, की साधं चुंबकाचं कुलूप लाईट गेली की आपोआप सुटतं. परभणीत लाईट किती वेळा जाते ते काय सांगावं. चोराला नुसतं वाट बघत बसायचं काम. म्हणून आमच्या साहेबांनी लाईट गेली तरी बंदच राहणारं कुलूप निवडलं होतं, आणि मला ती निवड शहाणपणाची वाटली होती. आतून बाहेर पडायला बटण होतं, ते विजेवर. विजेला बॅटरी होती. बॅटरीही गेली तर वॉचमनकडं चावी.

"बॅटरी उन्हाळ्यात फुगती," आक्का म्हणाल्या. "मी तीस वर्षं बॅटऱ्याच बघायलेय. हे दार कुणासाठी हाय, मला एवढंच सांग. बाहेरच्यासाठी, का आतल्यासाठी?"

हा प्रश्न मात्र त्यांनी वहीत लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चाचणी घ्यायला लावली. सिलिंडरांच्या मानेत खीळ घालून गॅस आधी पक्का बंद केला. मग त्या आत गेल्या, दार लावून घेतलं. मी ठरल्याप्रमाणे खोलीची लाईट पाडली आणि बॅटरीची तार सोडली. "रोज जे होतं तेच होऊ दे," त्यांनी सांगून ठेवलं होतं. "वॉचमनला आधी काय सांगायचं न्हाई."

मी घड्याळ लावलं आणि वॉचमनकडं गेले. टेबलावर तो नव्हता. डिझेलचा टँकर आला म्हणून मागच्या फाटकावर गेला होता. खण बंद, खणाची किल्ली त्याच्या कमरेला. मी त्या उन्हात इमारतीला वळसा घालून धावत गेले, त्याला ओढत आणलं, खण उघडला, चावीच्या जुडग्यातून नेमकी चावी सापडेना. दार उघडलं तेव्हा नऊ मिनिटं झाली होती.

आक्का दाराला पाठ लावून खाली बसल्या होत्या. दोन्ही तळहात लाल झालेले. त्या दार बडवत होत्या. मी बाहेर, एवढ्याशा अंतरावर, आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"मला ठाऊक होतं गॅस न्हाई," त्या म्हणाल्या. "तरीबी अंधार झाल्यावर हात थांबंना माझे."

वॉचमननं पाणी आणलं. त्या प्यायल्या नाहीत. हाताकडं बघत, कुणाला म्हणून नाही, असं त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"मी नऊ वर्षांची आसंल. मोठी मेंढरं चरायला गेली की कोकरं वाडग्यात ठेवायचो. काट्याचं कुंपण, त्याला एक कवाड. लांडग्याचं भ्याव. मला बापानं गाठ शिकवली होती, जनावराला सुटणार न्हाई अशी. त्या दिवशी मी दोनदा मारली, पक्की. आन् पाण्याला गेले. दुपार होती. कुणाच्या तरी बांधावरचं गवत पेटलं आन् वाऱ्यानं वाडग्याकडं आलं. मी पळत आले. कवाडापाशी आले. सगळी कोकरं दाराशी येऊन उभी." त्यांनी मुठी मिटल्या. "माझीच गाठ, मलाच सुटंना."



संध्याकाळी आमच्या साहेबांचा फोन आला. चाचणीचा कागद त्यांना दुसऱ्या दिवशी हवा होता. त्यात एक रकाना होता, आतून बाहेर पडण्याची सोय: पास किंवा नापास. मी नऊ मिनिटांचं सांगितलं.

"हे बघ," ते म्हणाले, "बॅटरीची तार तुम्ही हातानं काढलीत. ती काही चाचणी झाली नाही. पास लिही. दारं बदलायची म्हणजे तपासणीची तारीख पुढं जाणार, ते लोक पुण्याला जाणार. मग त्या चौदा माणसांना तू काय सांगशील? आणि तुला कायम करायचा कागद माझ्यासमोरच आहे."

ते खोटं बोलत नव्हते. म्हणूनच मला झोप लागली नाही. सकाळी ऑफिसात बसून मी तो कागद दोनदा वाचला. पास लिहिणं किती सोपं होतं. मी नापास लिहिलं, पुढं नऊ मिनिटं लिहिलं, आणि सही करून कागद साहेबांना पाठवला, आणि त्याची प्रत इथल्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली, म्हणजे मला माघार घ्यायला जागा उरू नये.

दुपारी फोन आला. दोन वाक्यांचा.

मी बॅग भरत होते तेव्हा आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

"रजेवर चाललीस, का काढलं?"

"काढलं."

"बरं." त्यांनी पदर नीट केला. "सोनपेठची गाडी साडेपाचला हाय. आधी जाऊन खिडकीची जागा धर. ऊन उजवीकडून येतंय, डावीकडं बस." एवढंच. आभार नाहीत, सांत्वन नाही. फाटकापर्यंत माझी बॅग मात्र त्यांनीच उचलली, आणि या वेळी वॉचमननं त्यांना अडवून विचारलं, बॅग कुणाची. त्या एवढ्या हसल्या, की मलाही हसू आलं.

माझ्या सहीचा कागद हातात असताना मॅनेजरसाहेबांना ते दार ताब्यात घेता येईना. चिडले खूप, पण दोन्ही दारांना आतून आडवा दांडा बसवला. पॅनिक बार म्हणतात त्याला. अंगानं ढकलला की दार उघडतं, वीज असो नसो, बाहेरून कितीही बंद असो. त्यासाठी तपासणी पंधरा दिवस पुढं गेली. दवाखान्याचे अधिकारी कुठंही गेले नाहीत. उशिराचं कारण विचारलं, ते कळल्यावर म्हणे आपल्या पुण्याच्या ऑफिसला फोन लावून तिथल्या दाराची चौकशी करायला लागले.

मी सोनपेठला दोन महिने घरी बसून होते. आई काही बोलायची नाही, पण तिच्या न बोलण्याचाही आवाज यायचा. मग एक दिवस मॅनेजरसाहेबांचा फोन आला. आक्का निवृत्त होतायत, आणि चाव्या दुसऱ्या कुणाला द्यायला तयार नाहीत. "तुम्ही याल का? त्या म्हणतात, तिला प्रश्न पडतात."

तशी मी परत आले. आक्का वालूरला भावाकडं राहायला गेल्या.

पावसाळा संपता संपता ती गोष्ट घडली. एसीची नळी गळत होती. मेकॅनिक आत एकटाच बसून तिला डाग देत होता. तांबड्या सिलिंडरांचा गॅस आधी खीळ घालून बंद करायचा नियम; त्यानं तो पाळला नाही, मीही तपासायला पाच मिनिटं उशिरा पोचले. डाग देताना धूर झाला. भोंगा सुरू झाला, दिवे गेले. मी व्हरांड्यात होते.  आणि त्याच क्षणी दार धाडकन उघडून तो बाहेर आला, हातात पाना, टोपी कुठंतरी पडलेली, तोंडानं भोंग्याला शिव्या.

"काय कटकट हाय ओ मॅडम! काम करू देत न्हाई!"

त्याच्यामागं दार आपोआप लागलं. थोड्या वेळानं आतून लांबलचक फुसकारल्यासारखा आवाज आला. तो चहा मागत होता. तो आवाज कशाचा, हे मी सांगितल्यावर त्याच्या हातातला पाना खाली पडला.

संध्याकाळी मी आक्कांना फोन केला. सगळं सांगितलं.  

"किती वेळ लागला बाहेर यायला?" त्यांनी विचारलं.

"सात-आठ सेकंद."

"उद्या त्याला थांबवून घे."

रात्रभर पंखे लावून आम्ही खोली मोकळी केली. सकाळच्या गाडीनं आक्का आल्या. मेकॅनिक ओशाळून उभा होता. त्याला वाटलं, आता बोलणी बसणार. आक्कांनी त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, घरी कोण कोण आहे ते विचारलं. मग म्हणाल्या, "आत जा बाबा. दार लाव. आन् काल आलास तसा बाहेर ये."

तो आत गेला. दार लागलं. दांडा खडकन वाजला आणि तो बाहेर आला.

"आणखी एकदा."

तो पुन्हा गेला, पुन्हा आला. आक्का दारासमोर हातभर अंतरावर उभ्या होत्या, डोळे दारावर खिळलेले.

"आता एकदा सावकाश ये," त्या म्हणाल्या. "पळू नको. मला नीट बघू दे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिसऱ्यांदा दार हळूहळू उघडलं. आधी त्याचा हात दिसला, मग खांदा, मग तो सगळा बाहेर येऊन उजेडात उभा राहिला. आक्कांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, एकदाच, वरपासून खालपर्यंत. मग त्या वळल्या आणि तोंड धुवायला नळाकडं गेल्या. बराच वेळ नळ चालू होता.